चौसष्ट बाइटांचा सातबारा: पुसलेलं पार्टिशन टेबल पुन्हा कसं लिहायचं

सकाळी चहा घेत एका पेनड्राइव्हवर नवं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशनं) कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद, बनवत होतो. पार्टिशनं पाडायच्या जीपार्टेड या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये उजव्या कोपऱ्यात डिस्क निवडायची यादी असते. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. तिथे पेनड्राइव्हच्या एसडीसीच्या जागी शेजारच्या डिस्कचं एसडीबी राहून गेलं. इशारा आला तो न वाचता ‘अप्लाय’ दाबलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. पेनड्राइव्ह जशीच्या तशी होती. शेजारच्या एक टीबीच्या डिस्कवर मात्र दोन पार्टिशनं होती, एकात कामाच्या फाईली, दुसऱ्यात घरचे सगळे फोटो. त्या जागी आता एकच करडी पट्टी दिसत होती: अनअलोकेटेड, म्हणजे कोणालाच न दिलेली जागा, ९३१.५१ जीआयबी (१,०२४च्या पटीने मोजलेला जीबी).

घाम फुटला. पण त्या ‘पापणी लवायच्या आत’मध्येच सुटका होती. एक टीबी पुसायला काही तास लागतात. क्षणात जे पुसलं गेलं ते फार तर मूठभर बाइट असणार.

सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, हद्दीचे दगड जागेवर असले की पुन्हा मोजणी करता येते. पार्टिशन टेबलचं तसंच आहे. खाली सांगितलेली रीत त्या दिवशी मी स्वतः वापरली, आणि नंतर दोन-तीन मित्रांच्या डिस्कवरही.

आधी हात बांधून बसा

डिस्क जोडल्यावर विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ‘इनिशियलाइझ करा’ म्हणतं. दोन्हींना नाही म्हणायचं. चेकडिस्क चालवायचं नाही. ते फाईल सिस्टीम, म्हणजे पार्टिशनमध्ये फाईली मांडून ठेवायची व्यवस्था, दुरुस्त करतं, आणि हद्दच चुकीची असेल तर चांगल्या फाईलींना कचरा समजून त्यांची वाट लावतं. रिकव्हरीचं एखादं सॉफ्टवेअर उतरवून त्याच डिस्कवर बसवणारेही भेटतात. घर जळतंय म्हणून त्याच घरात लाकडं रचल्यासारखं आहे ते.

डिस्क खटखट आवाज करत असेल, मध्येच गायब होत असेल, तर हा लेख तिच्यासाठी नाही. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. यंत्र धड आहे आणि फक्त नोंद गेली आहे, अशाच डिस्कवर पुढचं सगळं लागू पडतं.

एसएसडी असेल तर आणखी एक अडचण. फॉरमॅट करताना आजकालची सिस्टीम ‘ट्रिम’ नावाचा आदेश पाठवते, म्हणजे ‘ही जागा आता मोकळी समज’. मग टेबल कितीही अचूक लिहिलं तरी आत शून्यच सापडण्याची शक्यता मोठी. साध्या फिरत्या डिस्कवर ही भीती सहसा नसते.

नेमकं काय हरवतं

जुन्या पद्धतीचं टेबल एमबीआरमध्ये (मास्टर बूट रेकॉर्डमध्ये) असतं. १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कची सोय आली तेव्हापासून ही व्यवस्था चालत आली आहे. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर (डिस्क मोजायचा सर्वात लहान तुकडा), ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू करण्यासाठी, मग चार पार्टिशनांच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट, आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटांची सही. चार सोळे चौसष्ट. टीबीभर फोटो कुठून कुठपर्यंत आहेत याचा हिशोब एवढ्यातच मावतो.

माझ्या डिस्कच्या पहिल्या पार्टिशनची नोंद हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, अशी होती:

०० २० २१ ०० ०७ एफई एफएफ एफएफ ०० ०८ ०० ०० ०० ०० ८० ३ई

पहिला ०० म्हणजे बूटचं पार्टिशन नाही, बूटचं असतं तर ८० असता. पाचवा ०७ हा प्रकार, एनटीएफएस किंवा एक्सफॅट या विंडोजच्या फाईल सिस्टीम. फॅट३२ला ०बी किंवा ०सी, लिनक्सला ८३. मधले तीन-तीन बाइट सिलिंडर-हेडच्या जमान्यातले, आज त्यांना कोणी विचारत नाही. खरं काम शेवटच्या आठांचं. पहिले चार सुरुवात सांगतात, पुढचे चार लांबी, आणि दोन्ही उलटीकडून वाचायचे. ०० ०८ ०० ०० उलट केलं की ८००, म्हणजे दशमानात २,०४८. ०० ०० ८० ३ई उलट केलं की ३ई८०००००, म्हणजे १,०४,८५,७६,००० सेक्टर. बरोब्बर ५०० जीआयबी.

लांबीला चारच बाइट असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरवर एमबीआर २ टीआयबीच्या पुढे मोजू शकत नाही. म्हणून मोठ्या डिस्कवर जीपीटी हे नव्या पद्धतीचं टेबल असतं, आणि ते या बाबतीत फार समजूतदार आहे. त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी असते. त्याकडे पुढे येऊ.

हद्दीचे दगड कुठले? तर प्रत्येक फाईल सिस्टीम स्वतःच्या पहिल्या सेक्टरात आपली ओळख लिहून ठेवते. एनटीएफएसचा तो सेक्टर ईबी ५२ ९० ने सुरू होतो आणि लगेच पुढे इंग्रजी अक्षरांत एनटीएफएस असं नाव असतं. त्याच सेक्टरात २८व्या बाइटापासून (मोजणी शून्यापासून) ‘माझ्या आधी किती सेक्टर आहेत’ आणि ४०व्या बाइटापासून ‘मी किती लांब आहे’ हे आकडे सापडतात. टेबल गेलं तरी हे दगड जागेवरच असतात.

डिस्क ओळखणं आणि प्रत काढणं

मी हे काम सिस्टीमरेस्क्यू या लाइव्ह लिनक्सवरून करतो. पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि लागणारी हत्यारं आत आधीच असतात. विंडोजवरही टेस्टडिस्क, म्हणजे हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम, चालतं, पण विंडोज मध्येमध्ये स्वतःचं डोकं चालवतं ते मला आवडत नाही.

सुरुवात ‘एलएसबीएलके’ या आदेशाने. जोडलेल्या डिस्कांची यादी मिळते. आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर हे तिन्ही रकाने मागवून घ्या आणि सिरियल डिस्कच्या लेबलशी ताडून पाहा. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. आज बी असलेली डिस्क उद्या चालू करताना सी होते, माझा घात नेमका तिथेच झाला. ओळख पटली की ‘ब्लॉकडेव्ह’ला सेट-आरओ सांगून डिस्क फक्त वाचण्यापुरती खुली करा.

मग ‘स्मार्टसीटीएल’ने तब्येत पाहा. यादीतले ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक बघायचे: बदललेले सेक्टर, वाचायला अडलेले सेक्टर, न सुधारणारे सेक्टर. उजवीकडच्या रकान्यात तिन्हींसमोर शून्य असलं तर ठीक. १९७ वाढत असेल तर प्रत काढल्याशिवाय एक पाऊल पुढे जाऊ नका.

खरं तर प्रत सगळ्यांनीच काढावी. प्रत काढणाऱ्या ‘डीडीरेस्क्यू’ला तीन गोष्टी सांगायच्या: कुठून, कुठे आणि मॅप फाईलचं (कुठवर काम झालं याच्या नोंदीचं) नाव. पहिल्या फेरीत वजा-एन द्या, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता ते चांगला भाग आधी उचलतं. दुसऱ्या फेरीत वजा-डी आणि वजा-आर-३, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. मॅप फाईल विसरू नका. आमच्याकडे दुपारी वीज गेली तेव्हा निम्मी प्रत झाली होती. वीज आल्यावर तोच आदेश पुन्हा दिला आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

प्रत ठेवायची जागा फॅट३२ नसावी, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. वेळेचा अंदाज: यूएसबी ३ वर एक टीबीला तीनेक तास, यूएसबी २ वर आठाच्या वर. यूएसबी २ असेल तर रात्री लावून झोपा.

एवढी मोठी रिकामी जागाच नाही म्हणाल, तर निदान डिस्कचे पहिले २,०४८ सेक्टर आणि शेवटचे २,०४८ सेक्टर ‘डीडी’ने वेगळ्या फाईलींत उतरवून ठेवा. पुढे चूक झाली तर निदान आज आहे त्या स्थितीला परत येता येईल.

टेस्टडिस्कने शोध

टेस्टडिस्क हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर फ्रान्सच्या क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी लिहिलं आहे. दिसायला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, माउस चालत नाही. या कामात मला याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही. ते थेट डिस्कवर चालतं तसंच प्रतीच्या फाईलवरही चालतं, म्हणून पहिली तालीम प्रतीवर करा.

सुरू केल्यावर ‘क्रिएट’ निवडा, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही तयार होते. डिस्क निवडा. मग टेबलाचा प्रकार विचारला जातो. एमबीआरसाठी ‘इंटेल’, दुसरा ‘ईएफआय जीपीटी’. ते स्वतः एक सुचवतं, पण ती सूचना आत्ता डिस्कवर जे आहे त्यावरून असते. कोणी चुकून एमबीआर डिस्कवर जीपीटी चढवलं असेल तर सूचना जीपीटीची येईल. तुम्हाला मूळ प्रकार निवडायचा आहे.

पुढे ‘अॅनालाइझ’, मग ‘क्विक सर्च’. माझ्या डिस्कवर अर्ध्या मिनिटात दोन ओळी आल्या, दोन्ही एनटीएफएस, दोन्हींची नावं ओळखीची. इथे लगेच एंटर दाबायचा मोह होतो. दाबू नका. एका ओळीवर उभं राहून पी हे अक्षर दाबा. फाईलींची यादी उघडली पाहिजे. मी ‘फोटो’ फोल्डरात शिरलो, तिथून २०१४च्या गणपतीच्या फोल्डरात, आणि फाईलींची नावं पाहिल्यावर पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. क्यू दाबून मागे आलो.

माझा नियम साधा आहे. ज्या पार्टिशनच्या फाईली पीने दिसत नाहीत, ते पार्टिशन मी टेबलात लिहीत नाही.

क्विक सर्चमध्ये पूर्ण चित्र आलं नाही तर ‘डीपर सर्च’. तो डिस्कभर हिंडतो, तासन् तास लागतात, आणि सोबत भुतंही घेऊन येतो. माझ्या यादीत तिसरी एक ओळ उगवली: सेक्टर ६३ पासून सुरू होणारं, सगळी डिस्क व्यापणारं पार्टिशन. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३ पासून सुरू व्हायचं, व्हिस्टापासून २,०४८. डिस्क नवी आणली तेव्हाची ती फॅक्टरीची मांडणी असणार. आताची पार्टिशनं २,०४८ पासून असल्याने ६३वरच्या त्या जुन्या दगडाला कोणाचा धक्काच लागला नव्हता. पी दाबल्यावर फाईल सिस्टीम उघडता येत नाही असा संदेश आला. भूत ओळखायची हीच खूण. अशी एकमेकांवर चढलेली पार्टिशनं एकदम निवडली तर टेस्टडिस्क ‘स्ट्रक्चर बॅड’ म्हणतं.

डाव्या-उजव्या बाणांनी प्रत्येक ओळीची स्थिती बदलता येते. डी म्हणजे वगळलेलं, पी म्हणजे प्रायमरी, तारा म्हणजे प्रायमरी आणि बूटचं, एल म्हणजे लॉजिकल. भुताला डी, खऱ्या दोघांना पी. साध्या डेटाच्या डिस्कवर तारा लागत नाही. खाली ‘स्ट्रक्चर ओके’ आलं की थांबा.

लिहिण्याआधी फाईली बाहेर काढा

बहुतेक जण इथे लगेच ‘राइट’ दाबतात. मी दाबत नाही. पीच्या यादीत असतानाच ए दाबून सगळं निवडता येतं आणि मोठ्या सीने दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतं. कीबोर्डवर शिफ्टसकट सी, कारण छोटा सी एकाच फाईलीची प्रत काढतो. टेबलाला हातही न लावता माल सुखरूप बाहेर येतो. दुसरी डिस्क नसेल तर निदान ज्यांच्यासाठी जीव अडकलाय तेवढे फोल्डर तरी काढा.

त्यानंतरच खऱ्या डिस्कवरचं कुलूप ब्लॉकडेव्हच्या सेट-आरडब्ल्यूने काढा, तीच निवड पुन्हा करा, एंटर, ‘राइट’, वाय. डिस्क काढून पुन्हा जोडा, विंडोजवर असाल तर मशीन पुन्हा सुरू करा.

टेबल बरोबर असूनही विंडोज पार्टिशनला ‘रॉ’, म्हणजे ओळख न पटलेलं, म्हणत असेल तर दगडच फुटलेला आहे. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरात ठेवतं, फॅट३२ सहाव्या सेक्टरात. टेस्टडिस्कच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘बूट’ निवडा. मूळ खराब आणि प्रत चांगली असं दिसलं तर ‘बॅकअप बीएस’ने प्रत मूळ जागी बसवता येते.

हाताने मोजणी

टेस्टडिस्क अडलं तर, किंवा त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी ताळा करायचा असेल तर, हेक्स एडिटर, म्हणजे डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम, घ्या. विंडोजवर एचएक्सडी चालेल, डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडायची.

सेक्टर २,०४८ वर गेलो. ईबी ५२ ९०, पुढे नाव. २८व्या बाइटापासून ०० ०८ ०० ००, म्हणजे २,०४८. दगड स्वतः सांगतोय ते ठिकाण आणि मी उभा आहे ते ठिकाण एकच. ४०व्या बाइटापासून एफएफ एफएफ ७एफ ३ई, उलट करून १,०४,८५,७५,९९९. हा आकडा पार्टिशनच्या लांबीपेक्षा एकाने कमी असतो, तो शेवटचा एक सेक्टर म्हणजेच ती बूट सेक्टरची प्रत. एक मिळवला की लांबी १,०४,८५,७६,०००.

आता दुसऱ्याची सुरुवात: २,०४८ अधिक लांबी, म्हणजे १,०४,८५,७८,०४८. तिथे जाताना एक सापळा आहे. त्याच्या आधीच्या, म्हणजे ०४७ने संपणाऱ्या सेक्टरातही एनटीएफएसची सही दिसते. ती पहिल्याची प्रत आहे, दुसऱ्याची सुरुवात नव्हे. तिच्या २८व्या बाइटापाशी २,०४८ लिहिलेलं असतं, ते उभ्या जागेशी जुळत नाही. पुढच्या सेक्टरात ०० ०८ ८० ३ई आहे, उलट करून नेमका १,०४,८५,७८,०४८. हाच खरा. त्याची लांबी ९०,४९,४५,६६४ निघाली, शेवट १,९५,३५,२३,७११ वर. डिस्क एकूण १,९५,३५,२५,१६८ सेक्टरांची, म्हणजे शेवट आत बसतो.

हे आकडे ‘एफडिस्क’ या पार्टिशन टेबल लिहिणाऱ्या लिनक्सच्या आदेशाला द्यायचे. ओ दाबून नवं कोरं एमबीआर टेबल, एन दाबून पार्टिशन, प्रायमरी, क्रमांक, पहिला सेक्टर, शेवटचा सेक्टर. लांबी न देता शेवटचा सेक्टरच द्यावा, एकाने चुकायची भीती राहत नाही. एफडिस्क इथे विचारतं: या जागी एनटीएफएसची सही सापडली, काढून टाकू का? एन. पुन्हा सांगतो, एन. वाय म्हटलंत तर हद्दीचा दगड तुम्हीच उपटलात. टी दाबून प्रकार ७ करा, पीने सगळं एकदा वाचा, आणि डब्ल्यूने लिहा. डब्ल्यूपर्यंत डिस्कवर काहीच जात नाही, मन बदललं तर क्यू.

जीपीटी असेल तर

इथे बहुधा दहा मिनिटांचं काम. सेक्टर १ वर हेडर, २ ते ३३ वर १२८ नोंदींची जागा, आणि दोन्हींची दुसरी प्रत डिस्कच्या शेपटाला. ‘जीडिस्क’, म्हणजे जीपीटीसाठीचं एफडिस्क, सुरू करा. मुख्य प्रत खराब आणि मागची चांगली असेल तर ते आपणहून तसं सांगतं. पीने यादी पाहा, व्हीने तपासणी करा. नोंदी आल्या नाहीत तर आर दाबून रिकव्हरीच्या मेनूत जा, बीने मागचं हेडर उचला, सीने मागचं टेबल. यादी ओळखीची दिसली की डब्ल्यू. मात्र नवं जीपीटी बनवताना दोन्ही प्रती नव्याने लिहिल्या जातात, तेव्हा मागची प्रत कामाची नाही. मग टेस्टडिस्कच.

टेबल हरवलेलंच नसतं तेव्हा

काही बाहेरच्या डिस्कच्या डब्यांतला सर्किट बोर्ड ४,०९६ बाइटांचे सेक्टर दाखवतो. डबा बिघडला, आतली डिस्क काढून थेट साटा केबलला लावली की तीच डिस्क ५१२ने मोजली जाते आणि पार्टिशन गायब. टेबल शाबूत असतं, फक्त मोजपट्टी बदललेली असते. टेबलात सुरुवात २५६ दिसली तर हीच शंका घ्या, कारण २५६ गुणिले आठ म्हणजे २,०४८. सुरुवात आणि लांबी दोन्ही आठाने गुणून मोजा, किंवा तसाच डबा मिळवा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, असेल तर नावाच्या जागी एफव्हीई-एफएस अशी सही दिसते. टेबल परत लिहिता येतं, पण पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर आत जाता येत नाही, आणि पी दाबूनही काही दिसणार नाही.

सगळं जागेवर आल्यावर मी ‘एसएफडिस्क’ला वजा-डी देऊन टेबलाचा उतारा काढला. जेमतेम सात-आठ ओळी. त्या कागदावर छापून डिस्कच्या पोटाला सेलोटेपने चिकटवल्या आहेत, वर लाल पेनाने सिरियल नंबर. जीपार्टेड उघडलं की आधी डिस्क उलटी करून तो नंबर वाचतो.